रुमालाखालचा हात ते व्हॉट्सॲपचा डीपी : जमिनीच्या दलालाची ओळख कोण सांभाळणार?

आजचा भाग थोडा घरचा आहे, म्हणून सुरुवातही घरातूनच करतो.

मागच्या वर्षी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. रात्री साडेदहाला केनवडहून चुलतभावाचा फोन आला. केनवड म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, रिसोड तालुक्यातलं आमचं गाव. दादा तिथं आणि आजूबाजूच्या गावांत शेतं, प्लॉट, कधी एखादं घर, यांचे सौदे जुळवून देतो. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. म्हणाला, "बापू, एक माणूस म्हणते, मी तुमाले एकवीस हजार पाठवले. इसार म्हणून. म्या तर त्याचं तोंडबी पाह्यलं नाही."

झालं असं होतं. दादानं फेसबुकवर एका शेताचा व्हिडिओ टाकला होता. बांधावर उभा राहून, हात करून, "इथून इथपर्यंत, विहीर आहे, रस्ता आहे" असं सांगणारा. कुणीतरी तो व्हिडिओ उतरवून घेतला. दादाच्याच नावाचं, दादाच्याच फोटोचं दुसरं खातं उघडलं. फक्त मोबाइल नंबर वेगळा. भाव थोडा कमी लावला. संभाजीनगरकडच्या एका गृहस्थांनी त्या नंबरवर चौकशी केली, तर उत्तर आलं, "दोन पार्ट्या लागल्यात साहेब, तुम्ही एकवीस हजार टाकून ठेवा, मी जागा धरून ठेवतो." यांनी टाकले. मग तो नंबर बंद. शोधता शोधता त्यांना एका जुन्या पोस्टवर दादाचा खरा नंबर सापडला, आणि त्यांनी फोन करून दादालाच चोर म्हटलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून घरात मोबाइलचं काही झालं की फोन मला येतो. दादानं विचारलं, "माह्यं खातं हॅक झालं का?" मी म्हटलं, "नाही दादा. काहीच हॅक झालं नाही. त्यानं जे वापरलं ते सगळं तूच लोकांना दिलं होतंस." पलीकडे बराच वेळ शांतता.

फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. ज्याचा धंदाच ओळखीवर चालतो, त्याची ओळख इतक्या सहज उचलता कशी येते? पूर्वी काय होतं, जे आता नाही? म्हणून आज जमिनीच्या दलालाचा इतिहास बघू. आपल्या वाशिम जिल्ह्याचं त्यात एक मोठं पान आहे, आणि ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही.

चेहरा हीच ओळख

१८५३ च्या तहानं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथल्या शिवारांची मोजणी सुरू झाली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, सारा ठरला, नंबरापुढे खातेदाराचं नाव लागलं. आपला भाग तेव्हा 'बासिम' नावाच्या वेगळ्या जिल्ह्यात होता. तो १९०५ मध्ये मोडून अकोल्याला जोडला, आणि वाशिम पुन्हा जिल्हा झाला तो थेट १ जुलै १९९८ ला.

नंबर मिळाल्यावर जमीन विकणं, गहाण टाकणं सोपं झालं. पण सौदा जुळवणारा म्हणून वेगळा माणूस गावात नव्हता. पाटील, पटवारी, सावकाराचा कारभारी, नाहीतर सोयरा, यांच्यातलाच कुणीतरी मध्ये पडायचा. त्याचं घर माहीत, बाप माहीत, आजा माहीत. व्यवहार पंचांसमोर व्हायचा, दवंडी पिटली जायची. त्याच्या नावानं दुसऱ्या कुणी इसार घेतला असता, तर संध्याकाळपर्यंत पारावर बोभाटा झाला असता.

पण हे सगळं गोड होतं असंही समजू नका. चेहरा ओळखीचा असला तरी कागद परका होता. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घ्यायचा आणि वर काय लिहायचं ते सावकारानं ठरवायचं, हे सर्रास चालायचं. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात शेतकरी उठले, सुप्यापासून सुरुवात झाली, आणि त्यांनी मुख्यतः काय जाळलं? कर्जरोखे. सावकाराला मारण्यापेक्षा त्याचा कागद जाळणं त्यांना महत्त्वाचं वाटलं. त्यानंतर १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात एक साधी तरतूद होती : असे दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायचे. म्हणजे घेणारा नाही, देणारा नाही, तिसराच माणूस लिहिणार.

ही गोष्ट लक्षात ठेवा. फसवणूक थांबवायला दर वेळी एक तिसरा माणूस मध्ये आणावा लागला आहे.

कारंजाचा बाजार आणि पहिला परवाना

आता आपल्या जिल्ह्याचं पान. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली. १८६७ पर्यंत ती वऱ्हाडातून नागपूरला पोचली. काल-परवापर्यंत गावाच्या बाजारात विकला जाणारा कापूस आता समुद्रापार जाणार होता. घेणारा परगावचा, भाषा वेगळी, चेहरा अनोळखी. म्हणजे मधल्या माणसाशिवाय गत्यंतर नाही.

त्या काळचा सौदा कसा व्हायचा? दलाल आणि व्यापारी समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल किंवा उपरणं टाकायचे, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा कापूस तो शेतकरी शेजारी उभा, आणि त्याला भाव कळायचा सगळ्यात शेवटी. वर वजनात मार, वेगवेगळ्या नावांनी कपात. दलाल दोन्हीकडून पैसे खायचा, आणि तो कुणाचा माणूस हे कुणालाच नीट माहीत नसायचं.

१८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या आदेशानं कारंजा इथला कापूस बाजार नियमांखाली आणला गेला. कारंजा म्हणजे आपलं कारंजा लाड, आजच्या वाशिम जिल्ह्यातलं. शेतमालाच्या बाजाराचा इतिहास लिहिताना भारतातली पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून याच गावाचं नाव घेतात. पुढे १८९७ ला वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. बाजार कुठे भरणार हे ठरलं, देखरेखीला समिती आली, आणि दलाल आणि मापाडी यांना परवाना लागू लागला. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशननं देशभर अशा बाजारांची शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडाचा नमुना समोर होता. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथवर जातं.

इंग्रजांना शेतकऱ्याचा पुळका आला होता, असं नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वेळेवर हवा होता. पण हेतू काहीही असो, एक गोष्ट नवीन घडली. दलालाची ओळख त्याच्या चेहऱ्यातून निघून एका नोंदीत गेली. त्याचा परवाना तिसऱ्याकडून तपासता यायचा, आणि चुकला तर काढूनही घेता यायचा. यात प्रामाणिक दलालाचा फायदाच होता. बाजारात दहा लुच्चे फिरत असले तरी "माझ्याकडे परवाना आहे, विचारा समितीला" असं तो छाती ठोकून म्हणू शकत होता.

जमिनीचा दलाल मात्र राहून गेला

कापसाच्या दलालाला १८९७ ला परवाना मिळाला. जमिनीच्या दलालाला नोंदणी कधी लागली? २०१७ ला. मध्ये तब्बल १२० वर्षं.

या १२० वर्षांत कायदे झाले नाहीत असं नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, १९०८ चा नोंदणी कायदा आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदणीकृत दस्तानंच होणार, साक्षीदार लागणार, अंगठे लागणार. आपल्याकडे १९५८ चा विदर्भाचा कूळकायदा आला, त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर परवानगी लागते. म्हणजे कागद तपासला गेला, विकणारा तपासला गेला, घेणारा तपासला गेला. पण एखादं जुनं खरेदीखत काढून वाचा. लिहून देणार, लिहून घेणार, साक्षीदार, दस्त लिहिणारा, सगळ्यांची नावं आहेत. ज्यानं तीन महिने चपला झिजवून सौदा जुळवला, त्याचं नाव कुठेच नाही. दलाली हातात पडली की तो इतिहासातून गायब.

हे दलालाच्याही सोयीचं होतं. ना हिशोब, ना जबाबदारी. पण त्याची किंमत आज कळते आहे. ज्याची नोंदच नाही, त्याची नक्कल ओळखायची कशी?

रेरा आला, पण बांधापर्यंत नाही

२०१६ मध्ये संसदेनं स्थावर संपदा कायदा केला, ज्याला आपण रेरा म्हणतो. १ मे २०१७ पासून तो पूर्ण लागू झाला आणि महारेराचं काम सुरू झालं. कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातली घरं किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटला नोंदणी करावी लागते. कलम १० सांगतं की हिशोबाची वही ठेवा, खोटी माहिती देऊ नका, नोंदणी नसलेल्या प्रकल्पाचे सौदे करू नका. मोडलं तर दिवसाला दहा हजार रुपये दंड. २०२३ मध्ये महारेरानं एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो स्कॅन केला की महारेराच्या साइटवरची त्या प्रकल्पाची माहिती समोर येते. जाहिरात करणाऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नाही, सरळ नोंदीत जायचं. कारंजाचाच विचार हा, फक्त मोबाइलवर.

पण याला एक भोक आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या छोट्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची नाही. आणि शेतजमिनीचा साधा सौदा रेराच्या कक्षेत येतच नाही. केनवडसारख्या गावात नव्वद टक्के काम असतं कशाचं? शेताचं, नाहीतर दोन-चार प्लॉटचं. म्हणजे पुण्यातल्या एजंटला दाखवायला निदान नंबर आहे. आमच्या दादाकडे काय आहे? पुन्हा तोच चेहरा. फरक एवढाच, की तो चेहरा आता पारावर नसून फेसबुकवर आहे.

दोन-तीन वर्षांत सगळं एकदम

आता तारखांकडे बघा. एप्रिल २०१६, यूपीआय आलं. ५ सप्टेंबर २०१६, जिओ आलं आणि गावात डेटा पाण्याच्या भावात गेला. जानेवारी २०१८, व्हॉट्सॲप बिझनेस आलं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. आणि मग ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा उघडला. आपल्या जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून तो जातो. नागपूर, संभाजीनगर, मुंबईचा माणूस इथल्या जमिनीची चौकशी करू लागला. १८६७ ला रेल्वेनं जे कापसाचं केलं, ते रस्त्यानं आणि मोबाइलनं जमिनीचं केलं. घेणारा पुन्हा अनोळखी झाला.

आणि सौदा गेला कुठे? इनबॉक्समध्ये. तिथं कोण कोणाशी काय बोलतं हे बाजाराला दिसत नाही. मला तर तो रुमालच वाटतो. हात रुमालाखाली गेला, आणि जमिनीचा मालक पुन्हा शेजारी उभा.

एजंट काय काय पोस्ट करतो ते एकदा त्रयस्थासारखं बघा. पूर्ण नाव, फोटो, दोन नंबर, गाडी नंबरासकट, घराचा पत्ता कारण तेच ऑफिस, "आज दुपारी चार वाजता साइटवर" असं स्टेटस, मुलाच्या वाढदिवसाचा फोटो त्याच खात्यावर. आणि सौदा झाला की खरेदीखत हातात धरून गिऱ्हाइकाबरोबर हसरा फोटो, "अभिनंदन साहेब".

त्या शेवटच्या फोटोबद्दल सांगतो. २०१८ मध्ये तेलंगणात एक प्रकरण उघडकीला आलं. नोंदणी खात्याच्या साइटवरच्या जमिनीच्या दस्तांवरून लोकांच्या अंगठ्यांचे ठसे उचलून, त्यांचे नकली ठसे बनवून, सिमकार्डं चालू केली गेली होती. नंतर आधारवर पैसे काढायच्या सेवेतही असे प्रकार झाले. म्हणजे १८७५ मध्ये ज्या अंगठ्यावरून शेतकरी फसला, तोच अंगठा आजही खरेदीखतावर आहे, आणि आपण तो स्टेटसला लावतो. आपल्या गिऱ्हाइकाचा अंगठा.

एका डायरीतली नोंद

आतापर्यंत पैशाचं बोललो. आता जिवाचं.

लंडनमध्ये सुझी लॅम्प्लू नावाची २५ वर्षांची मुलगी घरं दाखवायचं काम करायची. २८ जुलै १९८६ ला दुपारी ती एका गिऱ्हाइकाला घर दाखवायला ऑफिसातून बाहेर पडली. डायरीत तिनं नोंद केली होती : मिस्टर किपर, वेळ, आणि फुलहॅम भागातला पत्ता. ती परत आली नाही. तिचा मृतदेह आजवर सापडलेला नाही, कुणावर खटलाही उभा राहिला नाही. 'मिस्टर किपर' नावाचा माणूस खरोखर होता का, हेही कळलं नाही. तिच्या आईवडिलांनी त्याच वर्षी तिच्या नावानं ट्रस्ट काढला, जो आजही कामावर एकट्यानं फिरणाऱ्या लोकांच्या सुरक्षिततेसाठी काम करतो.

२०१४ मध्ये अमेरिकेत आर्कान्सा राज्यात बेव्हर्ली कार्टर या एजंटला घर बघायच्या निमित्तानं बोलावून पळवलं आणि मारलं. पकडलेल्या माणसानं तिलाच का निवडलं याचं जे कारण सांगितलं, ते साधारण असं होतं की ती पैसेवाली होती आणि एकटीनं काम करत होती. हे त्याला कळायला तिच्याशी मैत्री करावी लागली नाही.

सुझीच्या वेळी सोशल मीडिया नव्हता. फक्त एक खोटं नाव आणि एक अपॉइंटमेंट पुरली. आज खोटं नाव फुकट मिळतं, आणि अपॉइंटमेंटची वेळ आपणच जाहीर करतो. आमच्याकडे प्लॉट दाखवायला ज्या जागी नेतात, तिथं दुपारी चारला चिटपाखरू नसतं. आता या धंद्यात बायकाही येताहेत, आणि त्यांचा नंबर जाहिरातीत असला की रात्री अकराला "प्लॉट बघायचा होता" म्हणून काय काय मेसेज येतात, ते त्यांनाच विचारा.

दादाबरोबर बसून काय केलं

पुढच्या शनिवारी मी गावाला गेलो. ओसरीवर बसून दादाचा मोबाइल घेतला. त्याला टू-फॅक्टर वगैरे शब्द सांगितले असते तर त्यानं मान डोलावली असती आणि विसरला असता. म्हणून जुन्याच शब्दांत बोललो.

पहिली, दवंडी. फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यात वर एकच पोस्ट : माझा नंबर हा एकच. मी माझ्या खात्यात इसार घेत नाही. दुसऱ्या नंबरवरून कुणी मागितला तर तो मी नाही. व्हिडिओत सुरुवातीलाच तोंडानं नंबर बोलायचा, आणि चित्रावर मधोमध नंबर छापायचा. कोपऱ्यात छापला तर कापून टाकतात.

दुसरी, इसार पावती. इसार सातबारावरच्या मालकाच्या बँक खात्यात, नाव जुळवून, आणि कागदावर लिहूनच. दलालाच्या यूपीआयवर नाहीच. दादा आधी कुरकुरला, "मालकानं मले डावललं तर?" धंद्यात ही भीती खरी आहे. त्यावर उपाय दलालीचा लेखी करार, पैसे अडकवून ठेवणं नव्हे.

तिसरी, नोंद. गिऱ्हाइकाला पीडीएफ पाठवण्याऐवजी डिजिटल सहीचा सातबारा सरकारी साइटवर स्वतः काढायला सांगायचं, आणि जुन्या दस्तांची सूची दोन बघायला सांगायची. जो एजंट स्वतःहून "माझ्यावर विश्वास ठेवू नका, तिकडे जाऊन बघा" म्हणतो, त्याची नक्कल करणं चोराला परवडत नाही. प्रकल्पातला प्लॉट असेल तर महारेराचा नंबर आधी.

चौथे, पंच. अनोळखी माणूस थेट शेतावर न्यायचा नाही. आधी भेट गावात, चार लोकांच्या नजरेसमोर. नाव, गाडी नंबर घरी कळवायचा, लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं, सोबत कुणीतरी घ्यायचं. आणि "साइटवर आहे" हे स्टेटस साइटवरून परत आल्यावर.

पाचवं, दाराची कडी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये सहा आकडी पिन लावला. लिंक केलेली डिव्हाइसेस बघितली, तर त्यात तालुक्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानातला संगणक आठ महिन्यांपासून जोडलेला होता! म्हणजे आठ महिने दादाची सगळी बोलणी त्या दुकानात उघडी. ते काढून टाकलं. घरच्यांचे फोटो वेगळ्या, बंद खात्यावर नेले. खरेदीखतांचे फोटो पुसले. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक केलं.

आणि दोन ठरलेले सापळे समजावून सांगितले. पहिला फौजीचा. "मी लष्करात आहे, बदली झाली, घर भाड्यानं हवंय, डिपॉझिट लगेच पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." घरं भाड्यानं देणारे मालक आणि एजंट, दोघंही यात देशभर फसलेत. नियम सोपा : पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार. दुसरा सापळा फाइलचा. "सातबारा पाठवतोय" म्हणून जी फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असेल, तर तो कागद नाही, तो प्रोग्राम आहे. तो टाकून घेतला की आपले ओटीपी दुसरा वाचणार.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका. १९३० ला फोन लावा, शक्यतो तासाभरात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आले तरच हाती लागतात. आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. कुणी आपल्या नावानं खातं काढून फसवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क आणि ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून ज्याचा चेहरा वापरला गेला त्यानंही तक्रार द्यायची, फक्त ज्याचे पैसे गेले त्यानं नाही. नाहीतर पुढे हेच प्रकरण आपल्यावर शेकतं.

मग त्या एकवीस हजारांचं काय झालं?

मिळाले नाहीत. त्या गृहस्थांना १९३० माहीतच नव्हता, आणि त्यांनी तक्रार केली तोवर चार दिवस झाले होते. दादानं आपली वेगळी तक्रार दिली, खोटं खातं रिपोर्ट केलं, आम्ही घरातल्या वीस-पंचवीस जणांनी केलं, तेव्हा ते बंद झालं. नंतर दादा त्या गृहस्थांना स्वतः जाऊन भेटला. मी म्हटलं, "तुझी काही चूक नाही, कशाला जातोस?" तर म्हणाला, "बापू, त्यानं पैसे त्या चोट्टयाचं तोंड पाहून नाही देल्ले. माह्यं तोंड पाहून देल्ले."

तिथं काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. पण या उन्हाळ्यात त्याच माणसानं दादाच्या मध्यस्थीनं दुसरीकडे जमीन बघितली. सातबारा स्वतः काढला, इसार मालकाच्या खात्यात टाकला, आणि पावतीवर साक्षीदार म्हणून दादाची सही घेतली.

मी त्या पावतीचा फोटो मागितला, या भागाच्या चित्रासाठी लावावा म्हणून. दादानं साफ नाही म्हटलं.

चला, आज इथंच थांबतो. तुमच्या घरात, मित्रांत कुणी प्लॉट-जमिनीचं काम करत असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा, आणि ऐकवून झाला की त्यांच्या मोबाइलमधली ती लिंक केलेली डिव्हाइसेस बघा. भेटू पुढच्या आठवड्यात.